देवघेवीच्या टेबलामागचा राउटर : एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या ग्रंथालयातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुणाचं नाव घेतलेलं नाही. मी त्या वेळी कार्यकारिणीवर होतो. आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेलं, त्यामुळे तारा, यंत्रं, जोडण्या असलं काही निघालं की ते माझ्याकडे यायचं.

देवघेव विभाग बावीस वर्षं एक बाई सांभाळत होत्या. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही. कोणतं पुस्तक कोणत्या मांडणीत आहे हे जागेवरून न उठता सांगणाऱ्या. बावीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी म्हणून एकही अर्ज दिलेला नव्हता, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात असू द्यावं. आमच्या ते राहिलं नाही.

संगणकीकरण सुरू झालं तेव्हा कार्ड तालिका बंद झाली आणि ताईंच्या टेबलावर संगणक आला. त्याच आठवड्यात इंटरनेटची जोडणी झाली आणि टेबलामागच्या भिंतीवर वायफायचा राउटर बसला. दोन काळ्या अँटेना, चार लुकलुकणारे हिरवे दिवे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून अंतर साधारण दीड मीटर. संगणक तारेनं जोडलेला होता आणि वाचकांसाठी वायफाय अजून खुलं केलेलं नव्हतं.

अडचण

सहा आठवड्यांनी ताईंचा अर्ज आला. राउटर बसल्यापासून दुपारी तीननंतर डोकं जड होतं, कानशिलं ठणकतात, रात्री झोप लागत नाही, तरी राउटर काढून टाकावा. सोबत एक छापील कागद होता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं, असं त्यात होतं आणि ‘कर्करोगकारक’ या शब्दाभोवती लाल पेनानं गोल केलेला होता.

अर्ज सभेपुढे आला आणि मला बोलायला सांगितलं. त्या गटाला ‘२ ब’ म्हणतात. संशयाला जागा आहे पण पुरावा तोकडा आहे, अशा गोष्टी त्यात जातात. ही वर्गवारी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. मुद्दा बरोबर होता. पण तो पटवायला मी म्हणालो, “याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे.” सभेत हशा पिकला. ताईंनी आपली नोंदवही उचलली आणि त्या बाहेर गेल्या.

माझ्या मते प्रकरण चिघळलं ते तिथं. माहिती खरी होती, पण ती सांगताना एका माणसाचं दुखणं चेष्टेवारी गेलं. त्यानंतर आठवडाभर ताई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो तेव्हा एक गोष्ट समजली. त्यांच्या धाकट्या बहिणीला कर्करोग झाला होता आणि तिचे ‘रेडिएशन’चे उपचार ताईंनी जवळून पाहिले होते. “सर, तुम्ही राउटरचं रेडिएशन म्हणता तेव्हा मला तिची भाजलेली कातडी दिसते,” असं त्या म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत हा शब्द त्यांच्या कानाला कसा लागतो याचा विचार मी केलाच नव्हता. क्ष-किरण, कर्करोगाचे उपचार, मोबाइल, राउटर, सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो. प्रत्यक्षात उपचारातले किरण अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि त्यातून पेशीतल्या डीएनएला इजा होते. त्यासाठी किरणाच्या एका कणाजवळ, म्हणजे फोटॉनजवळ, साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट (अगदी सूक्ष्म ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरीच्या कणात ती त्याच्या दहा लाखाव्या भागाएवढी असते. असे कण कितीही ओतले तरी हे काम होत नाही. फार झाले तर शरीर गरम होतं. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम तो एवढाच, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत.

मीटर

पुढच्या सोमवारी ताई एक छोटं मीटर घेऊन आल्या. भाच्यानं मागवून दिलेलं. राउटरकडे धरलं की त्यातून टर्रर्र असा आवाज यायचा आणि लाल दिवा लागायचा. खुर्चीच्या जागी आकडा दिसत होता २,८००. “बघा,” म्हणाल्या. मीही पाहिलं. तो आवाज ऐकून पोटात गोळा येतो हे खरं आहे, आणि मी हे विज्ञान शिकवलेला माणूस आहे.

या वेळी मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून तो आकडा वाचला. एकक होतं मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर. आंतरराष्ट्रीय अनायनीकारक प्रारण संरक्षण आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत या लहरींसाठी सर्वसामान्य माणसाची मर्यादा १० वॅट प्रति चौरस मीटर आहे. ती मायक्रोवॅटमध्ये लिहिली की एक कोटी होते. ताईंनी एकाखाली एक दोन्ही आकडे मांडले. २,८०० म्हणजे मर्यादेच्या साधारण साडेतीन हजाराव्या भागाएवढं. ही मर्यादासुद्धा इजा सुरू होते त्या जागी आखलेली नाही. ज्या पातळीला शरीराचं तापमान अंशभर वाढू शकतं, त्याच्या पन्नास पटींनी खाली तिचा पाया आहे.

मग लाल दिवा का? कारण मीटर बनवणाऱ्यानं तो १,००० वर लागेल असा ठेवला होता. हा आकडा कुठून घेतला, ते मीटरसोबतच्या कागदावर कुठंही नव्हतं. आणि टर्रर्र? राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपल्या असण्याची हाक देतो, मीटर तीच कानाला ऐकवत होतं. शिवाय ते सर्वांत उंच क्षण पकडून दाखवतं, सरासरी त्याहून बरीच कमी असते.

गणितानं पडताळाही घेतला. राउटरची ताकद ०.१ वॅट धरली तर दीड मीटरवर सुमारे ३,५०० मायक्रोवॅट येतात. मीटरचा आकडा याच्या आसपासच होता, म्हणजे ते खोटं बोलत नव्हतं. अंतर दुप्पट केलं की आकडा चौथाई होतो, हे आम्ही खोलीत मागे सरकत प्रत्यक्ष पाहिलं. ताईंनी मीटर हातात धरून पावलं मोजली आणि आकडे आपल्या वहीत उतरवले.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. आईचा होता. दोन लोखंडी मांडण्यांच्या मध्ये उभं राहून, फोन खांदा आणि कानाच्या बेचक्यात धरून त्या बोलू लागल्या, आणि टेबलावर राहिलेलं मीटर राउटरसमोर दाखवलं त्याहून कितीतरी वर गेलं. लोखंडात रेंज कमी मिळते आणि रेंज कमी झाली की फोन आपली ताकद वाढवतो. मला हे तेव्हाच सांगावंसं वाटलं, पण गप्प बसलो. एक भीती काढून दुसरी हातात ठेवायची नव्हती.

दोन वेगळे प्रश्न

बोलता बोलता लक्षात आलं की ताईंच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, याच्यानं कर्करोग होतो का? दुसरा, माझं डोकं याच्यानंच दुखतं का? दोन्हींचा पुरावा वेगवेगळ्या जागी सापडतो.

पहिल्यासाठी बहुतेक अभ्यास कानाला लावलेल्या फोनचे आहेत, कारण डोक्यात सर्वांत जास्त ऊर्जा तिथूनच जाते. १३ देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाचा निष्कर्ष २०१० मध्ये आला. एकंदरीत धोका वाढलेला दिसला नाही. मात्र आयुष्यात १,६४० तासांहून जास्त बोललेल्या वरच्या दहा टक्के लोकांत मेंदूच्या एका गाठीचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त निघालं. ताईंच्या कागदावर नेमकं हेच होतं, आणि ते मी झाकून ठेवलं नाही. हा आकडा आजारी माणसांच्या आठवणीवर उभा होता. काहींनी सांगितलेले रोजचे तास पटण्यासारखे नव्हते. अशा चुकांमुळे यावरून कारण ठरवता येत नाही, असं संशोधकांनीच लिहून ठेवलं. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध त्यात दिसला नाही, दहा वर्षं आणि त्याहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. शंका शून्यावर आली असं मी म्हणत नाही. पण कानाला टेकलेल्या फोनबद्दल हे असेल, तर दीड मीटरवरच्या राउटरची काळजी कुठल्या पायरीवर ठेवायची हे ताईंनी स्वतःच सांगितलं: “खूप खालच्या.”

दुसऱ्या प्रश्नाला जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्येच हात घातला होता. लहरींमुळे आपल्याला त्रास होतो असं सांगणाऱ्यांचा त्रास खरा असतो आणि काहींचं जगणं त्यानं अवघड होतं, पण तो विद्युतचुंबकीय क्षेत्रांमुळे होतो याला शास्त्रीय आधार नाही, असं तिनं म्हटलं. त्याच वर्षीच्या एका आढाव्यात ३१ प्रयोग आणि ७२५ माणसं होती. स्वतःला लहरी जाणवतात असं म्हणणाऱ्यांना, यंत्र चालू की बंद हे न सांगता तपासलं तर भरवशानं ओळखता आलं नाही. त्रास मात्र झाला, बंद असतानाही झाला.

समोरचे पर्याय

कार्यवाहांचं म्हणणं होतं, राउटर काढा आणि विषय मिटवा. यात ताईंचा मान राहत होता. पण डोकं राउटरनं दुखत नसेल तर ते दुखतच राहणार आणि ताई दुसऱ्या यंत्राकडे बघायला लागणार, ही माझी भीती होती.

एका सदस्याला माहितीपत्रक देऊन अर्ज दप्तरी दाखल करायचा होता. सभेतल्या हशानंतर ते मला क्रूर वाटलं.

तिसरा पर्याय राउटरला धातूची जाळी लावायचा. जाळी लहर अडवते आणि वायफायही अडवते. नीट बसली तर राउटर निरुपयोगी, अर्धवट बसली तर जोडलेली यंत्रं जास्त ताकदीनं बोलणार. फोनला चिकटवायच्या चकत्याही कुणी सुचवल्या. त्या खरंच लहरी शोषत असतील तर फोन तेवढाच जोर वाढवेल.

चौथा, राउटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी हलवायचा. फुकटात होणारं काम. पाचवा, ताईंची तयारी असेल तर आपल्यापुरती आंधळी चाचणी, म्हणजे राउटर चालू की बंद हे ताईंना न कळवता तपासणी, घ्यायची.

चाचणी मी सुचवली. ताई लगेच हो म्हणाल्या नाहीत. “मी खोटी ठरले तर?” असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दुखणं खोटं ठरणारच नाही, कारण ते मोजायचंच नाहीये. तपासायचा आहे राउटर. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच्या अक्षरात संमती लिहून दिली.

काय केलं

राउटरवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. पुठ्ठ्यातून लहर आरपार जाते, दिवे मात्र झाकले जातात. अभ्यासिकेतला एक विद्यार्थी रोज सकाळी ताई यायच्या आत नाणं उडवायचा आणि त्याप्रमाणे वायफाय चालू किंवा बंद करायचा. चालू असेल त्या दिवशी कुलूपबंद कपाटातला एक जुना फोन त्यावरून सतत काहीतरी उतरवून घेत राही, म्हणजे राउटर नुसती हाक न देता खरोखर काम करे. नोंद बंद पाकिटात जायची. मलाही ठाऊक नसायचं, नाहीतर माझ्या चेहऱ्यावरून कळलं असतं. ताईंच्या फोनचं वायफाय बंद आणि मीटर माझ्या खणात. ताई रोज संध्याकाळी दोन गोष्टी लिहायच्या: डोकं दुखलं का, आणि आज राउटर चालू होता की बंद.

वरच्या मजल्यावरच्या राउटरच्या मंद लहरी खाली येतच होत्या, त्यामुळे पूर्ण शून्य कधीच नव्हतं. पण तक्रार या एका राउटरची होती.

असे २४ दिवस गेले.

पाकिटं आम्ही दोघांनी देवघेवीच्या टेबलावरच फोडली. ताई खुणा करत गेल्या. १३ दिवस चालू, ११ दिवस बंद. चालूच्या १३ पैकी ९ दिवशी डोकं दुखलं, बंदच्या ११ पैकी ८ दिवशी. ओळख बरोबर आली ११ वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण एवढीच आली असती. ज्या १४ दिवशी त्यांनी ‘चालू’ लिहिलं होतं, त्या सगळ्या दिवशी डोकं दुखलेलं होतं. त्यातले सात दिवस राउटर बंद होता.

ताई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग दुखतं ते कशानं, सर?”

हा प्रश्न आम्ही पहिल्याच सभेत विचारायला हवा होता. त्या दुपारी मी दोन तास त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिलो. ताईंना बायफोकल चष्मा आहे. मॉनिटर कोशांच्या दोन जाड खंडांवर ठेवलेला, डोळ्यांच्या वर. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात. त्यामुळे पडद्यावरचं वाचायला त्या हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघत होत्या, मिनिटामिनिटाला, पुस्तकामागून पुस्तक. तीन वाजले तेव्हा त्यांचा हात आपसूक मानेच्या मागे गेला. राउटर बसला त्याच आठवड्यात हा संगणकही बसला होता. लुकलुकणारे दिवे सगळ्यांना दिसले, मान कुणाला दिसली नाही.

डॉक्टरांकडे त्या आता गेल्या. रक्तदाब ठीक निघाला, चष्म्याचा नंबर बदललेला होता, मानेचे स्नायू आखडलेले होते. संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा झाला, खंड मॉनिटरखालून मांडणीत परत गेले आणि आईशी बोलायला इअरफोन आले.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी डोकेदुखी आठवड्यातून पाच दिवसांवरून एखाद्या दिवसावर आली. पूर्ण गेली नाही. झोप सुधारली, या विषयावरचं वाचत त्या रात्री एक-एक वाजेपर्यंत जागत होत्या, ते थांबलं होतं. ती कशानं सुधारली हे मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण सगळे बदल एकाच महिन्यात झाले.

राउटर शेवटी जिन्यापाशी हलवला. वाचकांना वायफाय खुलं करायचं होतं आणि तिथून वाचन विभागात रेंज चांगली पोचत होती. शिवाय ताईंना तो दूर असलेला बरा वाटत होता, आणि एवढ्या छोट्या गोष्टीला नाही म्हणण्याचं कारण मला दिसेना. पण कार्यवाहांनी फलकावर सूचना लावली: ‘आरोग्याच्या कारणास्तव राउटर हलवण्यात आला आहे.’ दुसऱ्याच दिवशी अभ्यासिकेतल्या दोन मुलांचे पालक आले. खाली धोका होता म्हणून हलवलात, मग वरच्या राउटरखाली आमची मुलं का बसवता? २००५ मधल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं: खबरदारी घेतल्याचं सांगितलं की काही लोकांची काळजी उतरण्याऐवजी चढते. मला हे ठाऊक असूनही मी ती सूचना लावण्याआधी वाचली नव्हती.

आता वेगळं काय केलं असतं

डॉक्टर सगळ्यात आधी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नव्यानं सुरू झालेली, आठवड्यांमागून आठवडे चाललेली डोकेदुखी ही लहरींची चर्चा करत बसण्याची गोष्ट नाही. आमच्या वादात दोन महिने गेले. त्यामागे काही गंभीर निघालं असतं तर ते कुणाच्या माथी गेलं असतं, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

त्यानंतर, त्या आठवड्यात इथं काय काय बदललं याची यादी केली असती. ती करायला पाच मिनिटं लागली असती आणि संगणक पहिल्या ओळीत आला असता. कदाचित चाचणीची गरजच पडली नसती.

चाचणीतही एक दोष राहिला. ‘चालू की बंद’ हे संध्याकाळी विचारल्यामुळे डोकं दुखलं म्हणून ताईंनी ‘चालू’ लिहिलं, की चालू आहे असं वाटत होतं म्हणून दुखलं, हे वेगळं काढता येत नाही. तेच सकाळी, कामाला बसल्यावर तासाभरात विचारायला हवं होतं. शिवाय हा एकाच माणसाचा २४ दिवसांचा हिशेब आहे. ताईंच्या प्रश्नाला तो पुरला. दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाला तो पुरेल असं धरू नये. ज्याच्या शरीरात पेसमेकर आहे त्याला तर वेगळंच सांगावं लागेल: फोन त्यापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवा. तिथला धोका यंत्रानं यंत्रात ढवळाढवळ करण्याचा आहे आणि तो मोजता येतो.

कोरफडीचं उदाहरण मी अजूनही देतो, पण दुखणाऱ्या माणसाला चौघांसमोर उत्तर म्हणून देत नाही.

आणि फलकावरची सूचना आधी ताईंना दाखवली असती. त्यांनी नंतर स्वतःच ती नव्यानं लिहिली: ‘वाचन विभागात रेंज पोचावी म्हणून राउटर जिन्यापाशी बसवला आहे. देवघेव विभागाचीही तशी इच्छा होती. मोजलेले आकडे कार्यालयात पाहायला मिळतील.’ आकडे त्यांच्याच वहीतले आहेत, पावलांच्या अंतरासकट. पालकांपैकी एकजण येऊन ती वही वाचून गेले.